आक्काची पुनव

ता. १६ सप्टेंबर १९४०, सोमवार. भाद्रपदातली पुनव. किकवी.

लिहीन लिहीन म्हणत आषाढ गेला, श्रावण गेला, गणपतीही येऊन गेले. पेन्सिल तासायला बसलो की कुणी हाक मारायचं, नाहीतर मीच उठून कुठंतरी जायचो. एकदा तर तासता तासता पेन्सिल अर्धी झाली आणि लिहिलं काहीच नाही. आज बसलोय तो आक्कामुळं. म्हणाली, "ज्ञानू, तू एवढी गावं फिरलास, पर एकाचंबी धड सांगता येत न्हाई तुला. निम्म्यात दुसरंच काढतोस. लिवून ठेव जरा."

तर लिहितो. शाळा मराठी चौथीपर्यंत, त्यातली निम्मी नदीवर. मग कापूरहोळला लोहाराचा भाता ओढला, एका फडाबरोबर ढोलकी वाहत हिंडलो, पुण्यात छापखान्यात खिळे जुळवले. कुठंच टिकलो नाही. आई गेली तेव्हा आक्का म्हणाली, हितं ये. हितं म्हणजे किकवीला, तिच्या सासरी. ती ठकुबाई, माझी थोरली बहीण. घरात दाजी मानसिंग आणि त्यांची आई अंबूबाई, त्यांना मी मावशी म्हणतो. बास. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी घरात तान्हं नाही, आणि घरातलं सगळं न बोललेलं बोलणं तेवढ्याच एका गोष्टीचं आहे.

आज आक्का बाजूला बसली आहे. गोठ्याला लागून पडवी आहे, तिथं तिचं घोंगडं, तिचा तांब्या. तिला शिवायचं नाही, तिनं चुलीकडं, देवाकडं यायचं नाही. पुनव आली की बसलीच, एवढीदेखील चूक नाही. मावशी तर अभिमानानं सांगतात, "माझ्या सूनंवर पंचांग लिवावं." माझं एक काम वेळेवर होत नाही, आणि हिचं हेसुद्धा चंद्राच्या तालावर. कौतुक वाटतं मला.

ता. १८ सप्टेंबर

गल्लीतल्या बाजूला बसलेल्या बायाही आमच्याच पडवीत येतात. कारण आक्का तिथं असली की हसून हसून मुरकुंडी वळते. सगळ्या गावाच्या नकला तिच्या गळ्यात आहेत. आज दोघीजणी गुडघे पोटाशी धरून बसल्या होत्या आणि आक्का बाभळीचा ओंडका फोडत होती. एक म्हणाली, "ठकू, तुला ग बाई दुखतच न्हाई कसं?"

"दुखतंय की. तुझ्यावानी बोंबलत न्हाई एवढंच."

तिच्यासारखी धीराची बाई मी पाहिली नाही. तिच्या हनुवटीवर राठ केस येतात. राख लावून चिमटीनं उपटते, पुन्हा येतात. गेल्या आठवड्यात सोनबाच्या पोरानं वाटेत "दाढीवाली" म्हणून हाक मारली. दुसरी असती तर पदर ओढून पळाली असती. हिनं त्याला दंडाला धरून जवळ घेतलं, "ये, न्हावी आला की तुझी आन माझी संगंच करू," म्हणाली. पोरगं रडत पळालं. घरी आल्यावर मात्र बराच वेळ तोंड धूत होती. धूळ फार होती त्या दिवशी वाटेवर.

मी तिला म्हटलं, "आक्का, तुझी पुनव होळी खाती, कोजागरी खाती. तुझ्या हातची होळीची पोळी खाऊन किती वर्षं झाली!"

तर कुऱ्हाड थांबवून म्हणाली, "पुनवच बरी. अवस धरली असती तर दिवाळी नसती का गेली?"

आम्ही दोघं हसलो. जशी काही बाजारात जाऊन निवडून आणलीय.

मुख्य गोष्ट राहिलीच. मावशींचा भाऊ रखमाजी वेल्ह्याकडं असतो. त्याची मुलगी फुला, ती दाजींना द्यायची ठरत आहे. आक्कावर सवत. तुळशीचं लग्न झालं की त्रिपुरी पुनवेला मामा येणार, सुपारी फुटणार. दाजी बैलांशी पोटभर बोलतात, पण आईसमोर त्यांना शब्द फुटत नाही. आणि आक्का म्हणते, "येऊ दे. दोघी मिळून तुझ्या दाजीला बोलायला शिकवू."

ता. २४ सप्टेंबर, मंगळवार

आज भोरचा बाजार. मला मीठ आणायला धाडलं होतं.

वेशीत अन्वरीबी भेटल्या. भोरच्या मणियार. गावोगाव फिरून बायकांच्या हातात बांगड्या भरतात. त्यांची पेटी मी उचलून घेतली, आणि मग त्यांच्याबरोबरच हिंडलो. बाजारात अस्वलवाला आला होता, त्याच्यात थोडा वेळ गेला. अस्वल म्हातारं होतं, पण नमस्कार सुरेख करत होतं.

परतताना त्याही बांगड्या भरायला किकवीकडंच निघाल्या होत्या. वाटेवर त्यांनी आक्काचं विचारलं, आणि मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. आक्का नवी नवी होती तेव्हा एकदा चार-पाच महिने ती बाजूला बसलीच नाही. मावशींना वाटलं, दिवस राहिले. त्यांनी गावभर साखर वाटली, अन्वरीबींना मुद्दाम बोलावून सुनेच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला. आणि मग एक दिवस सकाळी आक्का पडवीत जाऊन बसली.

"काय सांगू बेटा," अन्वरीबी म्हणाल्या, "चुडा हातात तसाच. काढावा तर अपशकुन, ठेवावा तर लोक हसतात. तुझ्या आक्काचं मी समजू शकते, जवान पोर होती. पण ती अंबूबाई! अंथरुणाला खिळली. उजेडी पाणवठ्यावर जाईना. आणि तुझी आक्का तिला घास भरवायची. उलटंच की न्हाई?"

"मग?"

"मग काय. त्याच्या पुढच्या पुनवेपासनं तुझी आक्का जी वेळेवर बसाया लागली, ती आजपातूर." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू छापखान्यात व्हतास म्हणं. शहाणा हाईस. तुला काय वाटतं?"

मी म्हटलं, "अंगाला नेम लागला असंल."

अन्वरीबी एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. म्हाताऱ्या माणसांना कशाचंही हसू येतं.

जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. त्यांची नणंद अशीच होती, अंग सुटलेलं, हनुवटीवर केस, मूल नाही. तिला पुण्याला बायकांच्या दवाखान्यात नेलं होतं. तिथं एक डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी रोग काय ते सांगितलं.

"मूल झालं मग?"

"न्हाई. पण सासूचं तोंड मिटलं. ते काय कमी झालं?"

मीठ राहिलं.

ता. २५ सप्टेंबर

अळणी कालवण. मावशींनी मलाच दोनदा वाढलं, तेच जास्त झोंबलं.

ता. १४ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याहून आत्ताच आलो. अंग आंबलंय, पण आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

डॉक्टरीणबाईचं मी घरात काढलं तेव्हा मावशी आधी नको म्हणाल्या. मग त्यांनीच मनावर घेतलं, "दावून तर बघू. उद्या रखमाजीची पोर आणली तर सगळं करून बघितलं असं सांगाया तोंड ऱ्हाईल." नवल आक्काचं. कशाला न घाबरणारी बाई, पण दवाखान्याचं नाव काढलं की दळण काढून बसायची. दाजी म्हणाले, "जाऊन ये." दोन शब्द, पण आक्का तयार झाली.

सकाळी रस्त्यावर सर्व्हिस मोटार धरली. कात्रजच्या घाटात मावशींना उमासे आले. लढाईमुळं पेट्रोल कसं मिळत नाही ते ड्रायव्हर सगळ्यांना सांगत होता, जशी काही लढाई आम्हीच सुरू केली.

दवाखान्यात मला बाहेर बाकावर बसवलं. पुरुषांना आत नाही. समोर एका माणसानं पिंजऱ्यातून पोपट आणला होता, बायको आत होती आणि पोपट तिच्या नावानं ओरडत होता. मी त्याच्यातच रमलो असतो. पण दाराला नुसता पडदा होता, आणि मावशींचा आवाज शेतातला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

मावशी म्हणाल्या, "त्याचं इचारूच नगा. दर पुनवेला. माझ्या सूनंवर पंचांग लिवावं."

"तुम्हाला नाही विचारलं, आजी. यांना बोलू द्या."

आत आक्काच्या बांगड्या वाजल्या.  मला वाटलं, आत काही दुखवलं की काय तिला.

मग आक्काचा आवाज आला, अगदी बारीक. "ते खोटं हाय, बाई."

"काय खोटं?"

"पुनव. म्या उगीच बसती. खरी येती ती कवा चार महिन्यांनी, कवा सा. मागं शिमग्याच्या सुमाराला आली व्हती. त्याच्या आदीची आठवतबी न्हाई."

स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मावशी म्हणाल्या, "ठके, काय बोलतीस तू?"

"खरं बोलती, आत्याबाई. एकदा तुमी साखर वाटली. पुन्यांदा वाटायला लागू नये म्हून. महिना चुकला की तुमी माझ्या पोटाकडं बघायच्या, मला ते बघवत नव्हतं. त्याच्यापरीस दर पुनवेला आपलं बसल्यालं बरं. तुमाला आशा लागायची न्हाई, आन तुटायचीबी न्हाई."

मी बाकावर बसून होतो, आणि इतकी वर्षं हसलेली सगळी हसणी माझ्या तोंडावर येत होती. अन्वरीबी का हसल्या ते आज कळलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासायला बराच वेळ घेतला. नंतर पडदा बाजूला करून त्यांनी मलाही आत घेतलं, घरातलं एक लिहितं-वाचतं माणूस हवं म्हणून. त्यांनी सांगितलं ते मला कळलं तसं लिहितो. बाईच्या पोटात दोन बाजूंना अंडकोश असतात, बी तिथं तयार होतं. आक्काचे दोन्ही सुजून मोठे झालेत आणि त्यांत बारीक बारीक गाठी असाव्यात असं त्यांच्या हाताला लागलं. म्हणून पाळी येत नाही, म्हणून मूल राहत नाही, आणि हनुवटीचे केसही त्याचेच.

आक्कानं विचारलं, "कणीस भरतं पर दाणा सुटत न्हाई, तसं?"

बाई म्हणाल्या, "जवळपास तसंच. तुम्ही माझ्यापेक्षा सोपं सांगितलंत."

मावशींनी विचारलं, "कुनाची करनी हाय का? का मागल्या जल्माचं पाप?"

"कुणाचं काही नाही, आजी. एखाद्याला सहावं बोट असतं, त्याचं काय पाप?"

उपाय आहे म्हणाल्या, पण खात्रीचा नाही. पोट उघडून, लिंबाची कापावी तशी अंडकोशाची एक फोड कापून काढतात. परदेशातल्या डॉक्टरांनी हे अलीकडंच लिहिलंय. त्यांनी स्वतः मुंबईला होताना पाहिलंय, अजून आपल्या हातानं केलेलं नाही. कुणाला गुण येतो, कुणाला नाही. जिवाला धोकाही आहेच. "मी तुम्हाला गोड बोलून फसवणार नाही," म्हणाल्या. मला त्या आवडल्या.

परतताना मावशी खिडकीशी बसल्या, आक्का शेजारी. घाटात पुन्हा उमासे आले तेव्हा आक्कानंच त्यांचं कपाळ धरलं. शिंदेवाडीला मावशी खिडकीतून तोंड आत घेऊन सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "पावसाळ्यात पडवी गळती. आखाडातलीबी पुनव सोडली न्हाईस?"

"न्हाई."

"येडी हाईस," मावशी म्हणाल्या, आणि आपल्या लुगड्याचा पदर आक्काच्या डोक्यावरून पुढं ओढला, ऊन लागत होतं म्हणून.

ता. १६ ऑक्टोबर. कोजागरी.

आज पुनव, आणि आक्का चुलीपाशी!

गावात ते लपतं थोडंच. सकाळी मी विहिरीवर बैलांना पाणी पाजत होतो. बाया जमलेल्या. गेनबाची बायको लांबूनच म्हणाली, "काय अंबूबाई, सूनबाई आज बाजूला न्हाई वाटतं? साखर आनाया सांगू का मालकास्नी?" आणि बाकीच्या पदराआड हसल्या.

आता मावशी घागर टाकून घरी जाणार असं मला वाटलं. त्यांनी घागर शांतपणे काठावर ठेवली. "सांगू नगंस," म्हणाल्या. "तिची पाळी येळंला येत न्हाई. पोटात गाठी हायत, पुण्याच्या डाक्तरनीनं सांगितलंय. आन आजवर ती बसली ती माझ्या जिवाला घोर नगं म्हून. तुझी सून बसंल का ग माझ्यासारख्या म्हातारीसाठी गळत्या पडवीत? आनकी काय इचारायचं आसंल तर आत्ताच इचार, पुन्यांदा सांगायची न्हाई."

गेनबाच्या बायकोनं आपली घागर उचलली आणि वाट धरली. बाकीच्यांनी रहाट ओढायला घेतला.

माणसं केवढी असतात! एवढी गावं फिरलो आणि ती आमच्याच घरात होती.

ता. २ नोव्हेंबर, शनिवार. भाऊबीज.

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं घडलं, पण दिवाळी होती आणि मी किल्ला करत होतो. तीन दरवाजांचा. पोरांपेक्षा माझाच चांगला झाला.

आक्कानं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं आहे. दाजींना सांगितलं तेव्हा ते बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत उभे होते. हात न थांबवता विचारलं, "दुखंल का लई?" आक्का म्हणाली, "दुखंल." तेव्हा म्हणाले, "मंग म्या संगं ऱ्हानार." आक्कानं नंतर मला तेवढं एकच वाक्य दोनदा सांगितलं.

पण सुपारी मोडायचं दाजींच्यानं होत नाही. मावशींचंही मन आता त्यात नाही, दिसतं ते. तरी भावाला शब्द दिलेला. "शब्द गिळला तर म्हायेर तुटलं माझं," म्हणतात आणि लुगड्याचा काठ चोळत बसतात. आक्काचा जीव सुरीखाली जाणार आणि त्याच्या आधीच घरात सवत येणार, असं चाललंय.

ओवाळून झाल्यावर आक्का म्हणाली, "मला ओवाळणी नगं. एक काम कर. वेल्ह्याला जा, आन मामांच्या घरात खरं हाय ते सांग. माझं काय हाय, काय करनार हाय, समदं. ती पोर हितं येनार. उद्या मला गुण आला तर तिचं काय, न्हाई आला तर माझं काय. तिनं डोळं उघडं ठिवून यावं."

"आक्का, सांगितलं तर ती येणार नाही असं वाटतंय का तुला?"

"येईल. गरिबाची पोर, बा सांगंल तिथं येईल. पर म्या पुनव करून सासूला फशिवलं, आता सवतीला तरी फशिवणार न्हाई."

ता. ७ नोव्हेंबर

वेल्ह्याहून आलो. जाताना नसरापूर, आंबवणे. वाटेत तोरणा असा समोर उभा राहिला की वर जावंसं वाटलं. थोडा चढलोही. मग आक्का आठवली.

मामा शेतावर गेले होते. ओट्यावर मामी धोंडाबाई नाचणी पाखडत होत्या, आत फुला दळत होती. मामांची वाट बघायची ती मी मामींनाच सांगत सुटलो. माझी खोड ही. डॉक्टरीणबाई, गाठी, हनुवटीचे केस, खोटी पुनव, पडवी, सगळंच. नको तेवढं बोललो. आतलं जातं थांबलं. दळण सरलं असेल.

मामींनी सूप तसंच मांडीवर धरून विचारलं, "आन तिच्या सासूनं हाकलली न्हाई तिला?"

"हाकलते कशाला? साऱ्या गावासमोर तिची बाजू घेतली."

"आन अशा आनकी बाया असतीत व्हय?"

"आमच्या आक्कासारखी दुसरी कुठं मिळायची!" मी म्हणालो.

फुला पाणी घेऊन बाहेर आली. दिसायला बरी आहे, अंगानं भरलेली. हनुवटीला आणि गालाच्या कडेला हळद थापली होती जाड. लग्न ठरतंय म्हणून असेल, हौस. तांब्या माझ्या हातात देताना म्हणाली, "त्या डाक्तरीणबाई हात लावल्या-लावल्या सांगतीत?" मी म्हणालो, व्हय. लगेच आत गेली.

मामा आले, त्यांनाही सांगितलं. त्यांनी चिलीम भरली, "बरं केलंस सांगितलंस ते," म्हणाले. "पर शब्द गेलाय. पुनवेला दुपारी गाडी जुपून येतो." संपलं.

आक्काला येऊन सांगितलं. "बरं," म्हणाली, आणि पुरणाला हरभऱ्याची डाळ निवडायला बसली. पाहुण्यांसाठी.

ता. १४ नोव्हेंबर, गुरुवार. त्रिपुरी पुनव.

सकाळचं लिहितोय. मामा दुपारी येणार. ओसरी सारवून झाली. आक्का पहाटेपासून चुलीपुढं. पुरण शिजल्याचा वास सगळ्या आळीत गेलाय. दाजी गोठ्यात आहेत, बाहेरच येत नाहीत. मावशींनी पानसुपारीचं तबक दोनदा पुसलं आणि दोनदा फडताळात ठेवून दिलं. मी मघाशी धीर करून आक्काला विचारलं, वाईट वाटत नाही का ग तुला? पोळी उलटवत म्हणाली, "वाटतंय की. पर पोळी करपून ते कमी हुतंय का?"

मला वाटतं

इथवर लिहिलं आणि अंगणात कुणीतरी आलं.

मामा नाहीत, गाडीही नाही. मामी आणि फुला, दोघीच, पायी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. मावशी धावल्या, "अग बया, वहिनी! रखमाजी कुठं? तुमी अशा एकल्या?"

मामी ओट्यावर टेकल्या. "त्यास्नी ठावं न्हाई, वन्सं. म्हायेरी जाती म्हून काल निघालो. त्यांची गाडी यायच्या आत पोचायचं हुतं."

फुला आत्याच्या पायाही पडली नाही. सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी गेली, तोंडावरची हळद पदरानं खसाखसा पुसली, आणि मी दाराशी बसलोय याचं भान न राखता आक्काला म्हणाली, "ठकुबाई तुमीच न्हवं? मलाबी पुण्याला न्या. माझीबी पुनव खोटी हाय."